टपालरावांचं न आलेलं पार्सल

आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर टपालराव राहतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पण खऱ्या नावाने हाक मारणारी बायको गेली, बरोबरीचे मित्र गेले, आणि आता दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना टपालरावच म्हणतात. खरं तर खांद्याला पिशवी लावून त्यांनी जन्मात कधी टपाल वाटलं नाही. ज्या पत्रांचा पत्ता लागत नाही, ती शेवटी ज्या खात्यात जाऊन पडतात, त्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली.

ते खातं मी एकदा पाहिलं आहे. यजमानांचं तिथे काही काम होतं, मी बरोबर गेले होते. लांबलचक हॉल, उंच खिडक्या, भिंतीभर लाकडी खण आणि मधल्या टेबलांवर वाकून बसलेली माणसं. कुणी बोलत नव्हतं. पाकिटं सरकवल्याचा तेवढा आवाज. टपालरावांनी एक पाकीट उचलून मला दाखवलं. त्यावर एवढंच लिहिलेलं: आजीला, निळं दार, कालव्याच्या पलीकडे.

"हे कसलं जातंय!" मी म्हटलं.

"जाईल की, वहिनी. आजी आहे, दार आहे, कालवा आहे. लोक याहून कमी लिहितात."

आणि ते गेलं. शिक्क्यावरून गाव कळलं, गावातल्या पोस्टमनला कालवा ठाऊक होता, आणि कालव्यापलीकडे निळं दार एकच निघालं.

बाहेरून काहीच कळलं नाही, तर पाकीट उघडायचा अधिकार त्या हॉलमधल्या माणसांना होता. पातळ सुरीने कड कापायची, आत कुठे नाव-गाव सापडतं का बघायचं आणि पुन्हा चिकटवायचं. वाचायचं, पण ध्यानात ठेवायचं नाही, असा तिथला दंडक. टपालरावांनी तो हॉलमध्ये पाळला. घरी मात्र एकदा मोडला, आणि त्यात त्यांचा मुलगा गेला.

गेला म्हणजे घर सोडून गेला. त्यांना दोन मुलं. थोरली लेक, आणि तिच्यामागून बऱ्याच वर्षांनी झालेला मुलगा. त्याला सगळे धाकटाच म्हणत. धाकटा कॉलेज संपवून नोकरी शोधत होता तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी घरी पाकीट आलं, त्यावर नुसतं आडनाव. टपालरावांनी हात धुतले, सुरी घेतली, कड कापली. कुणाचं आहे ते बघायला, असं ते म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. पत्र धाकट्याचं होतं. एका मुलीने लिहिलेलं. एवढं कळल्यावर पाकीट बंद करायला हवं होतं. यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, आणि जेवताना त्यातली एक गोष्ट मुलाला विचारली.

"घरातही ऑफिस चालवता का?" धाकटा ओरडला, ते खाली आमच्याकडे ऐकू आलं. "मी काय बेवारस पत्र आहे?"

त्याच आठवड्यात तो गेला. सुरुवातीला बहिणीला चार ओळी यायच्या, मग त्याही बंद झाल्या. आई वारली तेव्हा बहिणीने शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर कळवलं. ते पत्र परत आलं. मागे शिक्का बापाच्याच जुन्या खात्याचा.

तेव्हापासून टपालरावांना या जगात एकच गोष्ट हवी होती: धाकट्याचा निरोप. येईल याबद्दल त्यांना शंका नव्हती. फक्त तो आपल्यापर्यंत पोहोचणार नाही, ही धास्ती. कारण मधल्या काळात आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांचे क्रमांक बदलले. धाकट्याला ठाऊक असलेला क्रमांक आता पलीकडच्या चौकातल्या एका गोदामाला आहे. टपालराव दर थोड्या दिवसांनी त्या गोदामात जाऊन विचारून यायचे. तिथला पहारेकरी त्यांना लांबूनच बघून हात हलवायचा, म्हणजे काही नाही.

अशा माणसाच्या फोनवर तो मेसेज आला: आपलं पार्सल अपुऱ्या पत्त्यामुळे वाटप केंद्रात थांबलं आहे. आज पत्ता पूर्ण न केल्यास परत पाठवलं जाईल. खाली एक लिंक.

तुम्ही म्हणाल, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही आला होता तसा मेसेज, त्याच सुमारास. मी कुठलंच पार्सल मागवलं नव्हतं, मी तो पुसून टाकला आणि भाजी चिरायला बसले. पण अपुरा पत्ता आणि परत पाठवणार, हे शब्द ज्या एका माणसाच्या काळजात जाऊन रुतायचे, त्याच्याच फोनवर ते गेले होते. चोराने काही हेरून केलं नव्हतं. असे हजारोंना धाडतात म्हणे.

टपालरावांनी पत्ता भरला. नवा क्रमांक, कंसात जुना क्रमांक, मजला, जिना कुठल्या बाजूला, खाली कुणाला विचारायचं. मग त्या पानाने पुन्हा वाटपाचा किरकोळ आकार मागितला, त्यासाठी कार्डाचा क्रमांक मागितला, मग फोनवर आलेले आकडे मागितले. ते त्यांनी एकेक करून, चष्मा पुसून, नीट भरले. नंतर खाली येऊन मला म्हणाले, "वहिनी, मी जरा अंघोळीला गेलो असलो आणि कुणी पार्सलवाला आला, तर वर पाठवू नका, तुम्हीच घ्या. लिफ्ट नाही बघून परत जातात हे लोक."

एवढ्या खुशीत मी त्यांना बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट.

पार्सल आलं नाही. आला तो बँकेचा फोन. खातं जवळपास कोरडं झालं होतं.

लेक हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करते. रजा टाकून धावत आली, आणि आम्ही तिघं बँकेत गेलो. काचेमागची बाई चांगली होती, घाईत नव्हती. तिने तक्रार लिहून घेतली, ती पोलिसांकडेही नोंदवून दिली, कार्ड बंद केलं, पैसे मिळण्याची फारशी आशा धरू नका असं सरळ सांगितलं. टपालराव मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि पार्सल?"

"कुठलं पार्सल, काका?"

"जे थांबलंय ते. ते आता कुणाच्या ताब्यात असेल?"

"काका, पार्सल नव्हतंच."

"हां, ते लोक चोर, हे कळलं मला. पण त्यांना पार्सलाचं कळलं कुठून? म्हणजे काहीतरी असणार ना कुठेतरी?"

बाईंनी लेकीकडे बघितलं. लेकीने डोळे मिटून घेतले. "बाबा," ती म्हणाली, "नव्हतं हो काही. कुणी काही पाठवलेलं नाही तुम्हाला."

ते वाक्य तिने रागाने म्हटलं नव्हतं, पण त्यांना ते लागलं. बाहेर पायरीवर ते बराच वेळ बसून राहिले. पैसे गेले त्याचा त्यांनी त्या दिवशी उल्लेखसुद्धा केला नाही.

नंतर लेकीने त्यांना शिकवायचं मनावर घेतलं. सुटीच्या दिवशी ती यायची, मी चहा घेऊन वर जायचे, आणि आमचा वर्ग भरायचा. लिंकवर बोट ठेवायचं नाही, नुसतं दाबून धरून खालचा पत्ता वाचायचा. पत्त्याची शेपूट बघायची. पुढे बँकेचं नाव असलं तरी मालक शेपटीत असतो. फोनवर आलेले आकडे बापालाही सांगायचे नाहीत. कुणी घाई केली की समजायचं. कुणी घाबरवलं की समजायचं, आणि कुणी उगाच प्रेम दाखवलं तरी समजायचं. शंका आली तर त्या मेसेजमधल्या क्रमांकावर फोन करायचा नाही, आपल्याजवळच्या जुन्या क्रमांकावर करायचा.

"आणि माझी परीक्षा कोण घेणार?" टपालराव म्हणाले.

"मीच. मधूनमधून खोटे मेसेज टाकीन, ह्यांना सांगून, नवनव्या नंबरांवरून. बघू कितीदा फसताय."

"जावईबापूंना बरा उद्योग मिळाला सासऱ्याला गंडवायचा."

ती टाकायची. वीज आज बंद होणार, तुम्हाला बक्षीस लागलं, तुमचं खातं गोठवलंय. पहिल्या एकदोन वेळा ते अडखळले, मग तरबेज झाले. पत्ते वाचण्यातच हयात गेलेली, त्यांना ती शेपूट बघायला वेळ लागत नसे. जिन्यातली माणसं आपापले फोन घेऊन त्यांच्याकडे यायला लागली. तळमजल्यावरची शिवणवाली, समोरचे निवृत्त मास्तर, सगळे. टपालराव फोन लांब धरून, चष्मा कपाळावर चढवून बघायचे आणि म्हणायचे, "खोटं. टाका पुसून."

"एवढ्यात कळलं?" मास्तर खट्टू होऊन विचारत.

"खरं पत्र घाई करत नाही, मास्तर. आमच्या खणात वर्षवर्ष पडून राहायचं, बिचारं."

शिवणवाली म्हणायची, "टपालराव, तुम्ही फी लावा आता." ते हसायचे. मला वाटलं होतं, चला, पैसे गेले पण माणूस सावरला. आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, तेव्हाच काहीतरी बिघडलं. ते गोदामात जायचे बंद झाले होते.

मग तो दिवस आला. सकाळची वेळ, मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते, गॅसवर दूध. फोन वाजला नाही, नुसता थरथरला. त्यांनी सवयीने लांब धरून वाचला आणि तसेच धरून राहिले.

मी उठून पाहिलं. अनोळखी क्रमांक. मजकूर असा: बाबा, मी बोलतोय. हा माझा नवा नंबर. कसे आहात? तुमच्याशी एक बोलायचं होतं.

त्यांनी पहिलं काय केलं, तर लेकीला फोन लावला. "हे तुझं का?"

काय ते तिला कळेना. त्यांनी वाचून दाखवलं. मग ती म्हणाली, इतक्या मोठ्याने की मला ऐकू आलं, "बाबा, मी असली थट्टा करीन का हो? काय समजता मला?"

"नाही, तू परीक्षा घेतेस म्हणून विचारलं."

"ऐका. हा सगळ्यात जुना प्रकार आहे. आईबापांना असेच मेसेज पाठवतात, मी नवीन नंबरवरून बोलतोय म्हणून. नाव आहे का त्यात? नाही ना? कुणाच्याही बाबांना चालेल असा मजकूर आहे. आणि तुमचा नंबर एकदा फसलेल्यांच्या यादीत गेलाय, बँकेतल्या बाई बोलल्या नव्हत्या का? उत्तर देऊ नका. संध्याकाळी येते मी."

"पण माझा नंबर मी त्याच्या जुन्या मित्रांनाही देऊन ठेवलाय."

"बाबा, संध्याकाळी."

त्यांनी त्या क्रमांकावर फोन लावून पाहिला. पलीकडून कट झाला. लगेच मेसेज: आत्ता बोलता येत नाही, कामावर आहे. लिहा ना.

हेही शिकवलेलं होतं. फोन उचलत नाहीत, लिहायला सांगतात. टपालरावांनी माझ्याकडे बघितलं. चोर असला तर तो असंच म्हणणार, आणि कामावर असलेला मुलगाही असंच म्हणणार.

"एक उपाय आहे," ते म्हणाले. "बँकेतल्या बाई म्हणाल्या होत्या, फक्त आपल्या माणसालाच माहीत असेल असं काहीतरी विचारा."

"मग विचारा की. घर का सोडलंस ते विचारा."

"ते जिन्यातल्या मांजरालाही माहीत आहे, वहिनी."

खुर्ची ओढून ते बसले. विचार करत राहिले. दूध उतू गेलं, मी गॅस बंद केला, ओटा पुसला, तरी ते तसेच. मी म्हटलं, त्याला काय आवडायचं, काय नाही, कशाला भ्यायचा, कोणत्या विषयात नापास झाला? प्रत्येकाला ते म्हणत, "ते तिला माहीत होतं." ती म्हणजे बायको. किंवा म्हणत, "ते ताईला माहीत." सबंध पोरपण पुढ्यात घातलं तरी फक्त बापलेकांचं असं त्यांच्या हाताला लागत नव्हतं. मला बघवेना.

शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "एकदा त्याच्या शाळेला सुटी होती आणि ही माहेरी गेलेली. मी त्याला ऑफिसात नेलं होतं. दिवसभर माझ्या टेबलाखाली बसून होता. डिंकाच्या बाटलीत बोटं बुडवायचा, वाळला की सोलून काढायचा. सापासारखी कात निघते बाबा, म्हणायचा."

"केवढा होता?"

"शाळेत नुकता जायला लागलेला."

"अहो, मग त्याला कुठलं आठवायला!"

"मला आठवतंय ना."

"तुम्ही मोठे होतात."

पण त्यांनी लिहिलं होतं, आणि मी बोलेपर्यंत पाठवलंही होतं. तू माझ्या ऑफिसात आला होतास, तेव्हा टेबलाखाली बसून काय केलंस?

पलीकडे कुणीतरी लिहितंय असं फोन दाखवत होता. मग थांबायचा. पुन्हा लिहितंय. पुन्हा थांबायचा. आम्ही दोघं त्या ठिपक्यांकडे बघत होतो. उत्तर आलं: इतक्या वर्षांनी बोलतोय, आणि तुम्ही अजून तपासूनच घेणार का बाबा?

टपालरावांनी फोन टेबलावर उपडा ठेवला. "तोच आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "की असंच शिकवतात त्यांना?"

संध्याकाळी लेक आली ती चप्पल न काढताच आत. तिने सगळं वाचलं. "बघा. उत्तर टाळलं. प्रश्न विचारला की हे लोक दुखावल्याचं नाटक करतात, म्हणजे आपणच ओशाळतो."

"तपासून घेणार का म्हणाला तो. अजून तपासून. हे अजून कशाला म्हणाला?"

"बाबा, अजून हा शब्द कुणीही वापरतं."

मी म्हटलं, "अगं, तू विचार ना काहीतरी. तुम्हा भावंडांत असेल ना काही?"

आई गेल्याचं पत्र परत आलं, त्या दिवसापासून तिने भावाचं नाव टाकलं होतं. तरी तिने फोन घेतला, आणि उभ्या उभ्याच लिहिलं: मी ताई. माळ्यावर आपण आईपासून काय लपवून ठेवलं होतं?

वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. दिवे लागले, मी खाली जाऊन कुकर लावून परत आले, तरी नाही. लेक खिडकीशी पाठमोरी उभी होती. मला वाटतं, तिलाही उत्तर यायला हवं होतं. शेवटी ती वळली तेव्हा तिचा आवाज एकदम कामावरचा झाला होता.

"झालं. माहीत असतं तर एका शब्दाचं काम होतं. ब्लॉक करा आणि तक्रार करा. आपण गप्प बसलो, तर उद्या दुसऱ्या कुणाचा बाप फसेल."

सायबर पोलिसांचा फॉर्म तिनेच भरला. शेवटचं बटण मात्र त्यांच्या फोनवर, त्यांनाच दाबायचं होतं. दुसऱ्या कुणाचा बाप, हे त्यांना पटलं असावं. त्यांनी ते दाबलं.

पुढचे दिवस ते कुणाचे फोन तपासायला तयार होईनात. मास्तर आले, तर म्हणाले, "मला नाही कळत त्यातलं." एका दुपारी मला हाक मारून वर बोलावलं. ब्लॉक केलेला तो क्रमांक पुन्हा मोकळा केला होता आणि काहीतरी लिहून ठेवलं होतं. पाठवण्याआधी मला दाखवायचं होतं. लिहिलं होतं: मी बाबा. प्रश्न मागे घेतो. तू काहीही बोल.

"पाठवा," मी म्हटलं. "चोर असला तर पैसे तुमच्याकडे उरलेतच कुठे?"

त्यांनाही हसू आलं. पाठवलं. एकच खूण उमटली, पोचल्याची दुसरी उमटेना. फोन लावला, तर हा क्रमांक बंद आहे.

म्हणून आम्ही पोलीस चौकीत गेलो. लेकीला न सांगता, कारण ती ओरडली असती. सायबर तक्रारींचं टेबल आत कोपऱ्यात होतं, फायलींच्या ढिगामागे एक तरुण अधिकारी. त्याने संगणकात बघितलं आणि त्याला भारी आनंद झाला.

"काका, तुमचं काम झालंय! नंबर बंद केला आम्ही."

"आणि आधीची तक्रार? बँकेतल्या पैशांची?"

"ती तपासात आहे. त्याला वेळ लागतो. पण हे बघा, हे लगेच झालं."

टपालराव खुर्चीत पुढे सरकले. "साहेब, या नंबराविरुद्ध आणखी किती जणांनी तक्रार केली होती?"

त्याने पुन्हा बघितलं. "एकच. तुमचीच."

"चोर असता तर बऱ्याच जणांना मेसेज गेले असते ना?"

"असं काही नसतं काका. नवीन कार्ड घेतात, पहिला मेसेज तुम्हालाच आला असेल. तुम्ही हुशार म्हणून वेळेत कळवलंत. लोक कळवत नाहीत हो!"

"कुणाच्या नावावर होता?"

"ते नाही सांगता येत."

"नाव नका सांगू. त्याचं आडनाव आणि माझं आडनाव एक आहे का, तेवढं बघा. मान हलवलीत तरी चालेल."

अधिकाऱ्याचा चेहरा पडला. वाईट मुलगा नव्हता तो. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग टपालरावांकडे. "काका, नियम आहे. दुसऱ्याची माहिती उघडून दाखवता येत नाही. मलाही इथे ती दिसत नाही, कंपनीकडे असते, आणि त्यासाठी वरून आदेश लागतो."

दुसऱ्या कुणी हुज्जत घातली असती. मी घालणारच होते. पण टपालराव नियम म्हटल्याबरोबर उठले. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. दारापर्यंत जाऊन त्यांनी भिंतीला हात टेकला.

लेकीला शेवटी सांगावं लागलं. ती आधी चिडली, मग समजावत बसली. एकच तक्रार याचा काही अर्थ होत नाही. तो असेल तर दुसऱ्या नंबरवरून करील. माझा नंबर शोधील. घर शोधत येईल. ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिचाच आवाज बारीक होत गेला.

"नाही करायचा," टपालराव म्हणाले. "बाईगं, आमच्याकडे परत केलेली पत्रं यायची ना, घेणाऱ्याने नाकारली असा शेरा मारलेली. पाठवणारा फार तर आणखी एकदा पाठवतो, मग नाही. ते आईच्या वेळचं तुझं पत्र नाही पोचलं त्याला, त्याच्या लेखी आपण त्याला कधी काही कळवलंच नाही. तरी त्याने हे एक पाठवलं. त्यावर आपण पोलिसात तक्रार केली."

"तो असेल तर, बाबा. असेल तर!"

"हो. असेल तर."

लेक रडली. मी तिला पाणी दिलं. त्या क्षणी मलाही वाटलं नाही की तो होता, आणि वाटलं नाही की तो नव्हता. अजूनही ठरवता येत नाही. एवढंच कळलं, की आता हे कुणालाही कधी ठरवता येणार नाही.

यालाही आता बरेच दिवस झाले. धाकट्याकडून काही आलेलं नाही, लेकीकडेही नाही. टपालरावांनी नवं एकच व्रत घेतलं आहे. फोनवर जो येईल तो ते उचलतात. अनोळखी, परदेशातला, लांबलचक आकड्यांचा, कुठलाही. फसवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव वर आहे, त्यामुळे फोनांना तोटा नाही. बँकेतून बोलतोय, वीजकंपनीतून बोलतोय, तुमच्या नावाने आलेल्या पाकिटात बेकायदा माल सापडलाय. टपालराव कुणाला काही देत नाहीत. लिंक उघडत नाहीत, आकडा सांगत नाहीत. शिकवलेलं सगळं त्यांना पाठ आहे. ते नुसतं ऐकतात. लेकीने फोन काढून घ्यायचा प्रयत्न केला, तेव्हा पहिल्यांदाच ते तिच्यावर ओरडले. आता ती तो विषय काढत नाही. येते, रक्तदाब बघते, औषधं डब्यात लावते आणि जाते.

परवा मी वर बसले असताना असाच एक आला. पोरगेला आवाज, दमदाटी करायचा आव. "तुमचं कनेक्शन आज रात्री कापलं जाणार आहे. ताबडतोब सांगतो ते करा."

"हं," टपालराव म्हणाले. "बोल."

त्याने सगळं सांगितलं. यांनी फोन कानाशी घट्ट धरला होता, डोळे मिटलेले. त्याचं बोलणं संपलं तेव्हा म्हणाले, "आणखी बोल ना. जरा सावकाश बोल. माझ्या कानाला चटकन कळत नाही."

"काय कळत नाही? ॲप डाउनलोड करा म्हणतोय!"

"हो, हो. तू बोलत राहा, बाळा."

मग त्या पोराने एक घाण शिवी दिली आणि फोन आपटला.

टपालरावांनी फोन खाली घेतला, पडदा शर्टाच्या टोकाने पुसला.

"नाही, वहिनी," ते म्हणाले. "हा पण नाही."

आणि फोन चार्जिंगला लावून ते त्याच्याजवळच बसून राहिले.